सिटिझन बेहेरेकाका

आमच्या कोपऱ्यावरच्या स्टॉप साइनपाशी बेहेरेकाका गाडी थांबवायचे, तेव्हा ती खरोखर थांबायची. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण नेपरव्हिलमध्ये बाकी कुणाचीच थांबत नसे. आम्ही सगळे ब्रेकवर पाय ठेवल्यासारखं करायचो, डावीकडे बघितल्यासारखं करायचो आणि सटकायचो. काकांची तपकिरी स्टेशन वॅगन मात्र पांढऱ्या पट्टीच्या बरोबर मागे उभी राहायची. आतून "एक... दोन... तीन" असं खणखणीत मराठीत ऐकू यायचं. मग मान डावीकडे, मान उजवीकडे, पुन्हा एकदा डावीकडे. चौकाच्या तीन बाजूंना मक्याची शेतं आणि चौथ्या बाजूला आमची नवी वसाहत. रस्त्यावर चिटपाखरू नसे. तरी काका त्या चौकाला "थँक यू" म्हणायचे आणि मगच गाडी पुढे काढायचे.

ती साइन लागल्यावर पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसलो, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, चौकात कोणीच नव्हतं."

"तू होतास की," काका म्हणाले. "साइन काय फक्त पोलिसाला दाखवायला असते? सिटिझनला हे शोभत नाही, प्रकाश."

'सिटिझनला हे शोभत नाही' हे वाक्य मी शेजाराच्या पहिल्या पाच वर्षांत किती वेळा ऐकलं याची गणती नाही. लायब्ररीचं पुस्तक एक दिवस उशिरा दिलं, शोभत नाही. दारासमोरच्या फूटपाथवरचा बर्फ दुपारपर्यंत तसाच राहिला, शोभत नाही. एकदा मी सिनेमाच्या रांगेत मित्राला माझ्या पुढे घुसवलं, तर मागून तिसऱ्या माणसाच्या खांद्यावरून हेच वाक्य आलं. काका त्या रांगेत आहेत हे मला माहीतच नव्हतं.

आम्ही ब्याऐंशी साली न्यू जर्सीहून नेपरव्हिलला राहायला आलो. मी टेलिफोनच्या कंपनीत इंजिनियर, बरोबर बायको नीला आणि चार वर्षांची मुलगी मीनू. सामानाचा ट्रक अजून ड्राइव्हवेत उभा होता, तेवढ्यात समोरच्या घरातून एक उंच, किडकिडीत गृहस्थ रस्ता ओलांडून आले. एका हातात चिवड्याचा डबा, दुसऱ्या हातात स्वतः टाइप केलेला कागद. कचरा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, लायब्ररीचं कार्ड कुठे काढायचं, सिटी कौन्सिलची सभा कधी असते, अशी सोळा कलमं त्यावर होती.

"चिवडा घ्या," ते म्हणाले, "पण हे आधी वाचा."

ते गेल्यावर नीलाने मला विचारलं, "हे शेजारी आहेत की वॉर्ड ऑफिसर?"

भालचंद्र बेहेरे मूळचे मिरजेचे. सदुसष्ट साली अमेरिकेत आले आणि तेव्हापासून शिकागोला एका लिफ्टच्या कंपनीत डिझाइनचं काम करत होते. रोज सकाळी एकाच गाडीच्या एकाच डब्यात चढायचे आणि चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरचा एखादा कागदाचा कप उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. त्यांच्या पत्नी सुमतीकाकू आम्ही राहायला यायच्या आदल्याच वर्षी गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. काकूंचा विषय ते स्वतः काढत नसत, आणि आम्हालाही काढायची सवड देत नसत. समोर दिसले की त्यांच्यापाशी एखादं सार्वजनिक काम तयारच असायचं.

त्यांच्या अंगणात झेंडा होता. सूर्योदयाला वर, सूर्यास्ताला खाली, आणि पावसाचा थेंब पडला की ताबडतोब घरात. आता काका दिवसभर शिकागोत आणि पाऊस नेपरव्हिलमध्ये, म्हणजे पंचाईतच. त्यावर त्यांनी तोडगा काढला, तो म्हणजे माझी बायको. आकाश भरून आलं की आमचा फोन वाजायचा.

"नीला, तिकडे ढग आहेत का गं?"

"काका, माझे हात कणकेत आहेत."

"धुऊन जा. घाई नाही. अजून पडला नाहीये ना?"

नीला बिचारी हात धुऊन धावायची. झेंड्याची त्रिकोणी घडी घालायला तिला काकांनी तीन रविवार शिकवलं होतं. निळा भाग बाहेर आला पाहिजे, तांबडा दिसता कामा नये. शेवटी मोठ्या समोशासारखी ती घडी घेऊन नीला घरात यायची, तेव्हा मीनू म्हणायची, "इट्स जस्ट अ लिटल रेन, आई." नीला म्हणायची, "ते काकांना सांग." मीनू काही सांगायची नाही. काका शनिवारी मुलांना गोळा करून राज्यांच्या राजधान्या विचारायचे, आणि त्यांच्याशी वाद घातला की राजधान्या वाढतात हे तिला अनुभवाने कळलं होतं.

आमच्या शेजारच्या घरात ओल्सन नावाचे एक म्हातारे राहायचे. मोठ्या लढाईत लढून आलेले गृहस्थ. त्यांचा झेंडा बारा महिने चोवीस तास दारावर लटकलेला असे, बर्फात भिजून त्याचं पोतेरं झालेलं. काका एक दिवस त्यांच्याकडे गेले आणि झेंड्याचे नियम अत्यंत नम्रपणे सांगू लागले. ओल्सननी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही नक्की कुठून आलात?"

"समोरच्या घरातून," काका म्हणाले.

यात काकांना विनोद करायचा नव्हता. प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं, एवढंच. पण ओल्सन इतके हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं. त्यानंतर त्यांनी नवा झेंडा आणला आणि सणासुदीला तो कसा लावायचा हे ते काकांना विचारूनच लावू लागले.

वर सांगितलेली स्टॉप साइनसुद्धा काकांचीच. त्या कोपऱ्यावर मुलांची शाळेची बस थांबायची आणि गाड्या सुसाट जायच्या. काकांनी सिटी कौन्सिलला पत्र लिहिलं. उत्तर आलं की विचार करू. मग ते सभेला जाऊ लागले. तिथे कोणाही रहिवाशाला उठून तीन मिनिटं बोलता येतं. काका घरी अंडी उकडायचं घड्याळ लावून भाषणाची तालीम करायचे, आणि श्रोता म्हणून मला बसवायचे. दोन वर्षं, महिन्यातून दोनदा, तीन-तीन मिनिटं. कोपऱ्यावर खुर्ची टाकून त्यांनी गाड्या मोजल्या, त्यांचा तक्ता केला. कौन्सिलमधले लोक त्यांना लांबून ओळखू लागले. शेवटी चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात साइन लागली. मला वाटतं, बेहेरे येणं थांबवतील म्हणून लावली. ते थांबले नाहीत. पुढच्या सभेला आभार मानायला गेले, आणि उरलेल्या दीड मिनिटात त्यांनी रस्त्यावरच्या दिव्यांचा विषय काढला.

"काका, तुम्हाला कंटाळा येत नाही?" मी एकदा विचारलं.

"इथं राजा नाही, प्रकाश," ते म्हणाले. "मग राजाचं काम सकाळी उठून कोणीतरी करायला नको का?"

हे असं कोणी बोललं की मला खरं तर संकोच वाटतो. मी स्वतः नागरिक व्हायचं ठरवलं ते एअरपोर्टवरची रांग छोटी व्हावी म्हणून. काकांना हे सांगितलं असतं तर त्यांनी मला शिकवायलाच नकार दिला असता, म्हणून मी 'लोकशाहीवर विश्वास' असं सांगितलं.

कारण शिकवायचे तेच. आमच्या भागात ज्या मराठी माणसाला नागरिकत्वाची परीक्षा द्यायची असेल, तो रविवारी दुपारी काकांच्या बेसमेंटमध्ये जायचा. तिथे फळा होता, खडू होता आणि शंभर प्रश्न होते. सरकारची तीन अंगं काका अशी शिकवायचे: "काँग्रेस म्हणजे सासूबाई. नियम त्या करतात. प्रेसिडेंट म्हणजे घरातला कर्ता पुरुष. सही करतो आणि घर आपणच चालवतो असं समजतो. सुप्रीम कोर्ट म्हणजे आजेसासूबाई. कोपऱ्यात बसलेल्या असतात, पण बोलल्या की दोघांनीही गप्प बसायचं."

"आणि सिटिझन म्हणजे कोण, सून?" नीलाने विचारलं.

"नाही. सिटिझन म्हणजे ज्याच्या नावावर घर आहे तो. म्हणून तर त्याने झोपून चालत नाही."

मूळच्या तेरा वसाहती ते पाढ्याच्या चालीवर पाठ करून घ्यायचे. न्यू हॅम्पशर, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, कनेटिकट, असं 'बे एके बे'च्या ठेक्यात थेट जॉर्जियापर्यंत. आपल्या माणसाला पाढा मध्येच सोडता येत नाही, ही त्यातली गोम. मी मुलाखतीला शिकागोला गेलो. टेबलापलीकडच्या जाडजूड अधिकाऱ्याने एखाद्या वसाहतीचं नाव सांगा म्हटलं. मी सुरू झालो. तिसऱ्या नावाला तो "पुरे" म्हणाला. मला थांबता येईना. मी डोकं हलवत हलवत जॉर्जियाला पोचलो, तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं होतं.

"तुम्ही त्या नेपरव्हिलच्या क्लासचे का?" त्याने विचारलं. "गेल्या महिन्यात एक बाई आल्या होत्या. त्याही याच चालीत म्हणाल्या."

मी पास झालो, नीलाही झाली. काकांनी पेढे वाटले आणि आम्हा दोघांची नावं फळ्याशेजारच्या यादीत लिहिली. एकतिसावं आणि बत्तिसावं. त्या यादीत पहिलं नाव त्यांचं नाही, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

ते कळलं शहाऐंशीच्या नोव्हेंबरमध्ये. आमचं पहिलंच मतदान होतं. काकांनी सकाळीच स्टेशन वॅगन काढली, आम्हा दोघांना आणि मागच्या गल्लीतल्या एका जोडप्याला घेतलं आणि शाळेच्या जिमपाशी आणून सोडलं. आम्ही उतरलो. काका उतरले नाहीत.

"चला ना काका," नीला म्हणाली.

"तुम्ही या जाऊन. पार्किंगचं बघायला कोणीतरी पाहिजे."

पार्किंगमध्ये आमच्याखेरीज तीन गाड्या होत्या. आम्ही मत देऊन परत आलो, तरी ते स्टिअरिंगवर हात ठेवून जिमच्या दाराकडे बघत बसले होते. आतून येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून मान डोलवत होते.

"तुमचं सकाळीच झालं का?" नीलाने विचारलं.

"माझं नाही," काका म्हणाले. "मी सिटिझन नाहीये."

बत्तीस माणसांना ज्याने नागरिक केलं, ज्याच्यामुळे माझी बायको कणकेचे हात धुऊन झेंड्याखाली धावते, तो माणूस एकोणीस वर्षं ग्रीन कार्डावर! मी विचारलं, "का?" तर म्हणाले, "फॉर्म पाठवायचा राहिलाय," आणि गाडी सुरू केली. कोपऱ्यावर तीनपर्यंत मोजून थांबले.

मग आमच्या मराठी मंडळात तर्कांना ऊत आला. कोणी म्हणालं, मिरजेला वाड्याचा हिस्सा असेल. कोणी म्हणालं, शेवटी परत जायचा विचार असेल. मला मात्र राग आला होता. का ते नीट सांगता येणार नाही. मला शिकवलेली प्रत्येक गोष्ट या माणसाने स्वतःच मनावर घेतली नव्हती, असं काहीतरी वाटलं.

जानेवारीत काकांना सिटीचं पत्र आलं. रस्त्यांच्या सुरक्षिततेसाठी जी समिती होती, तिच्यात येत्या शरद ऋतूत एक जागा रिकामी होणार होती. स्टॉप साइनचं त्यांचं काम लक्षात घेऊन ती त्यांना द्यावी असा विचार होता. अट एकच, सभासद शहराचा नोंदलेला मतदार असला पाहिजे. काकांनी ते पत्र आम्हाला वाचून दाखवलं. मग पुन्हा एकदा वाचलं. मग मीनूला वाचायला लावलं. फ्रिजवर ते लोहचुंबकाने लावलं होतं, आणि चहा करताना ते चहाकडे कमी आणि पत्राकडे जास्त बघत होते. आपल्यातला कोणी अशा समितीवर अजून गेला नव्हता. पण ते सोडा. काकांना ती जागा हवी होती, लहान मुलाला हवी असते तशी हवी होती.

"मग आता तरी फॉर्म पाठवणार ना?" मी म्हटलं.

काकांनी चहा गाळायला घेतला.

त्या रविवारी क्लास संपल्यावर मी मुद्दाम मागे राहिलो. "काका, मला खरं कारण सांगा. नाहीतर मीच तुमचा फॉर्म भरून टाकतो."

"फॉर्म भरलेला आहे," ते म्हणाले आणि टेबलाचा खण उघडला. आत एक नाही, पाच फॉर्म होते. दरवर्षी चार जुलैला ते नवा फॉर्म भरायचे, नवा फोटो लावायचे आणि खणात ठेवून द्यायचे. त्या फॉर्मच्या फोटोत चेहरा वळवून उजवा कान दाखवावा लागत असे, तसा सरकारी नियमच होता. पाच वर्षांचे पाच उजवे कान ओळीने मांडलेले होते. कानावरचे केस वर्षागणिक पांढरे होत गेलेले.

फॉर्मच्या खाली एक जुना भारतीय पासपोर्ट होता. काकांनी तो उघडून माझ्यापुढे ठेवला.

पूर्वी आपल्याकडे नवरा-बायकोला एकच पासपोर्ट काढता यायचा. त्यात दोन फोटो असायचे. एका चौकटीत काका होते, दुसऱ्या चौकटीत सुमतीकाकू. गोल चेहरा, मोठं कुंकू, आणि फोटोग्राफरने हसू नका म्हणून सांगितल्यामुळे महत्प्रयासाने दाबलेलं हसू. खाली दोन सह्या. काकांची इंग्रजीत, काकूंची मराठीत, 'सौ.' सकट.

"सुमतीची आई असेपर्यंत ती नको म्हणायची," काका सांगू लागले. "आईला वाटेल मुलगी परकी झाली. मग आई गेल्या. आम्ही दोघांनी फॉर्म आणले. आणि सुमतीचं दुखणं निघालं." त्यांनी पासपोर्टचं पान बोटाने सरळ केलं. "ती गेल्यावर, प्रकाश, एकेका कागदावरून तिचं नाव काढावं लागतं. बँक, घर, इन्शुरन्स, टॅक्सचा फॉर्म. कोणी जबरदस्ती करत नाही. नियम असतो, मग आपणच जाऊन काढायचं. मी सगळीकडून काढलं. तीस दिवसांत कळवा म्हणतात, मी दहा दिवसांत कळवलं. सिटिझनला तसंच शोभतं. एवढं एकच पुस्तक राहिलंय. यातून तिला काढ असं मला अजून कोणी सांगितलेलं नाही."

"मग?"

"अमेरिकन झालं की हे परत करायचं. भारताच्या वकिलातीत नेऊन द्यायचं. नियम आहे."

मी माझ्या परीने उपाय सुचवला. "नका देऊ. खणात राहू दे. कोण विचारायला येतंय?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझं एकतिसावं नाव यादीतून पुसलं जाईल असं वाटलं. "म्हणजे हात वर करून शपथ घ्यायची," ते म्हणाले, "आणि सिटिझन म्हणून पहिलं काम करायचं ते हे?"

माझा सगळा राग तिथेच गेला. मी उगाचच फळा पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मी वकिलातीत फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं की पासपोर्ट ठेवून घेत नाहीत. रद्द केल्याचा शिक्का मारतात आणि परत देतात. एका मिनिटाचा फोन. जो माणूस सिटीच्या प्रत्येक खात्याला आठवड्यातून एकदा फोन करायचा, त्याने पाच वर्षांत हा एक फोन केला नव्हता. उत्तर काय येईल याची भीती वाटली की आपण विचारतच नाही, हे मला समजू शकत होतं. पण बेहेरेकाकाही आपल्यातलेच आहेत, हे मला त्या दिवशी नव्याने कळलं.

मी धावत जाऊन सांगितलं. काका खूश होतील अशी माझी कल्पना. त्यांनी एवढंच विचारलं, "शिक्का कुठे मारतात?"

"ते नाही विचारलं."

"बघू," ते म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी पाचवा फॉर्म पाकिटात घातला, पाकीट पोस्टात टाकलं आणि पेटीचं झाकण दोनदा उघडून आत पडलं का ते पाहिलं.

मुलाखतीला मीच त्यांना घेऊन गेलो. तोच जाडजूड अधिकारी होता. नाव वाचून तो उभा राहिला आणि त्याने काकांशी हस्तांदोलन केलं. पंधरा मिनिटांनी काका बाहेर आले ते तोंड पाडून.

"काय झालं?"

"पास केलं," काका म्हणाले. "पण दोनच प्रश्न विचारले रे. मी शंभर पाठ केलेत. कॉलनीज विचारा म्हटलं, तर म्हणाला, नको, आता त्या मलाच पाठ झाल्यात."

शपथविधी जूनमध्ये शिकागोच्या कोर्टात झाला. नीला, मीनू आणि मी होतो, आणि कोटाला पदक लावून ओल्सनही आले होते. शंभरेक माणसं उजवा हात वर करून उभी होती. काकांचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू येत होता. परक्या देशाची निष्ठा सोडत असल्याचं वाक्य आलं, तेव्हा तो आवाज जरा खाली गेला. उजवा हात वर होता, डावा कोटाच्या आतल्या खिशावर. शपथ संपल्यावर मीनूने "काका, यू डिड इट" म्हणून त्यांना मिठी मारली, आणि त्यांनी तिथल्या तिथे तिला इलिनॉयची राजधानी विचारली.

समितीची जागा त्यांना मिळाली आणि आता आमच्या भागात आणखी चार स्टॉप साइन आहेत, पण ते सगळं नंतरचं. कोर्टातून बाहेर पडल्यावर नीला, मीनू आणि ओल्सन गाडीने घरी गेले. काका मात्र सरळ वकिलातीकडे निघाले. सिटिझन होऊन त्यांना अजून तासही झाला नव्हता. मी बरोबर गेलो.

खिडकीपलीकडे चष्मा लावलेल्या एक बाई होत्या, बोलण्यावरून दिल्लीकडच्या. काकांनी नवं सर्टिफिकेट दाखवलं आणि पासपोर्ट पुढे सरकवला. बाईंनी तो फोटोच्या पानावर उघडला आणि शिक्का उचलला. भला मोठा, आडवा शिक्का होता.

"एक मिनट, मॅडम," काका म्हणाले. त्यांनी खिडकीतून हात आत घालून काकूंच्या फोटोवर बोट ठेवलं. "सिटिझन मैं हुआ हूँ. ये नहीं हुई. ये अभी तक इंडियन है. इस पर मत मारिए."

बाईंनी फोटोकडे पाहिलं, मग काकांकडे. "साथ में नहीं आयीं?" त्यांनी विचारलं.

"नहीं रही," काका म्हणाले. "छह साल हुए."

"रूल तो पूरे पन्ने का है, अंकल," बाई हळूच म्हणाल्या.

"मालूम है," काका म्हणाले. आणि बोट मागे घेऊन तसेच उभे राहिले.

बाईंनी डावा तळवा काकूंच्या फोटोवर ठेवला. पूर्ण झाकला. उजव्या हाताने शिक्का जरा तिरका धरला आणि काकांच्या फोटोवर मारला. शाई वाळेपर्यंत त्यांनी तो तळवा उचलला नाही. मग पासपोर्ट मिटून दोन्ही हातांनी परत दिला.

आम्ही संध्याकाळच्या गाडीने परत आलो. स्टेशनवर काकांनी सकाळी लावलेली वॅगन उभी होती. गाडी चालवताना त्यांचा हात दोनदा खिशाकडे गेला. आमच्या कोपऱ्याशी आलो. वॅगन पांढऱ्या पट्टीच्या बरोबर मागे उभी राहिली. मका गुडघाभर आला होता आणि चारी रस्ते रिकामे होते.

"एक... दोन... तीन."

मी पाच वर्षं या संधीची वाट बघत होतो. म्हटलं, "काका, रूल पूर्ण पानाचा होता. सिटिझनला हे शोभतं का?"

काकांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं.

"आज शोभतं," ते म्हणाले. मग नेहमीसारखं समोर बघून "थँक यू" म्हणाले आणि गाडी पुढे काढली. चौकात कोणीच नव्हतं, असं या वेळी मी म्हणालो नाही.